नव्या इमारतीतलं चंदेरी पिंप

१

पेटी रिकामी होती.

काचेच्या पलीकडे रक्तवाले डॉक्टर कोपरापर्यंत निळे हातमोजे चढवून उभे होते. समोर गाड्यावर चंदेरी पिंप, त्यातून ओघळणारं पांढरं धुकं, आणि डॉक्टरांच्या हातात पत्र्याची चपटी पेटी. त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, आतून चाचपली. सिस्टरनी वाकून पिंपात डोकावून पाहिलं. काचेच्या अलीकडे मी उभा होतो. गळ्यात पाहुण्यांच्या बिल्ल्यांचं भेंडोळं, हातात फीत कापायची कात्री आणि तोंडाचा झालेला आ.

"पिशवी कुठाय?" डॉक्टर म्हणाले. काचेतून आवाज येत नव्हता, पण तेवढं ओठांवरून कळलं.

ही पिशवी म्हणजे तळहाताएवढी, गोठवलेली, आणि तिच्यात मास्तरांचा जीव. शब्दशः. मास्तरांच्या रक्तातल्या पेशी काढून आमच्या नव्या संशोधन इमारतीत नेल्या होत्या. तिथे त्यांना मास्तरांच्या रक्ताच्या कर्करोगाशी लढायला शिकवलं, वाढवलं आणि गोठवून ठेवलं. आज त्या परत मास्तरांच्या अंगात सोडायच्या होत्या. त्यांना जागा व्हावी म्हणून मास्तरांना आधीच एक जालीम औषध दिलं होतं. त्या औषधाने त्यांच्या अंगातली सगळी राखण उठवून लावली होती. माणूस म्हणजे दारं सताड उघडी टाकलेलं घर झाला होता. दुसरी पिशवी नव्हती. नव्याने करायला वेळ लागला असता, आणि तो मास्तरांकडे नव्हता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, मोटार शिकवणारे. आमच्या आवारातल्या निम्म्या लोकांचं स्टिअरिंग त्यांनीच सरळ केलेलं. मी त्यांच्याकडे तीनदा शिकलो आणि अजून रिक्षाने येतो, पण तो त्यांचा दोष नाही.

आमच्या शहरात इस्पितळं अशी उगवतात की सकाळी मोकळा प्लॉट दिसला तर संध्याकाळी तिथे सलाईन लागलेलं असतं. जुनी गोदामं गेली, गिरण्यांची पटांगणं गेली. पत्ता विचारला तर लोक सांगतात, "हृदयाच्या पुढे, डोळ्यांच्या मागे, मूत्रपिंडाला लागून." आमच्या आवारातली ही पाचवी इमारत, संशोधनाची. दुपारी तिचं उद्‌घाटन होतं, त्याच मुहूर्तावर तिच्या पहिल्या रोग्याला, म्हणजे मास्तरांना, पेशी द्यायच्या होत्या, आणि मी इथला जनसंपर्क अधिकारी. म्हणजे चांगलं काही घडलं की मी पुढे, आणि वाईट घडलं की मी सगळ्यांत पुढे.

संशोधन इमारतीचे प्रमुख, म्हणजे मोठे साहेब, धावतच आले. त्यांनी पेटी पाहिली आणि त्यांचा चेहरा पेटीइतकाच कोरा झाला.

"हे पिंप किती हातांतून गेलं?" त्यांनी विचारलं.

"चार," डॉक्टर बाहेर येत म्हणाले. "भरलं गोठणघरातल्या गारठाताईने. आणलं आपल्या सामानवाल्या एक्स्प्रेसने. दोन इमारतींमधल्या पुलावर थांबवलं तुम्ही. उघडलं मी."

म्हणजे चोर बाहेरचा नव्हता. आणि चौघांपैकी दोघे माझ्यासमोर एकमेकांकडे बघत उभे होते.

२

"साबणबाईंना बोलवा," साहेब म्हणाले.

साबणबाई म्हणजे माझ्या वहिनी. इस्पितळातला संसर्ग कुठून निघाला, कुणाच्या हाताने गेला आणि कुठे जाऊन बसला, हे शोधणाऱ्या डॉक्टर. दिसेल त्याला हात धुवायला लावतात म्हणून ते नाव. मी माझ्याच घरी जेवायला बसताना हात दाखवून बसतो. मागे बाळंतिणींच्या वॉर्डात सगळ्यांना जुलाब झाले, तेव्हा त्यांनी फक्त लोकांशी गप्पा मारून ते एका फुलदाणीपर्यंत नेऊन पोचवलं होतं.

मी त्यांच्या खोलीत घुसलो आणि एका दमात सगळं ओकलो. त्यांनी चष्मा पुसला.

"भाऊजी, आधी बसा. आणि ती कात्री खाली ठेवा, कुणाच्या तरी पोटात जाईल."

"वहिनी, मास्तर मरतील हो!"

"म्हणूनच म्हणते, बसा. चोर धरायचा तो नंतर. मला एवढंच सांगा, पिशवी नाहीशी झाली हे कळल्यावर प्रत्येकाने पहिला प्रश्न काय विचारला?"

मी आठवलं. "डॉक्टर म्हणाले, पिशवी कुठाय. साहेबांनी विचारलं, किती हातांतून गेलं. बाकीच्या दोघांना अजून सांगितलंच नाही."

"छान. आपणच सांगू. आणि तोंडाकडे बघू."

जाताना आम्ही नव्या इमारतीच्या दिवाणखान्यातून गेलो. दिवाणखानाच म्हणायला हवा, एवढी मोठी जागा. तिथे मी स्वतः मांडलेलं प्रदर्शन होतं. पेशींची चित्रं, सूक्ष्मदर्शक, आणि मधोमध आमच्या गोठणघरातलं दुसरं चंदेरी पिंप. लवकर आलेले पाहुणे त्याच्याभोवती गोळा झाले होते. एका बाईंनी झाकण उचललं, आतून धुकं बाहेर आलं आणि सगळे लहान मुलांसारखे "हाऽऽ" करून मागे सरले. मला त्याही अवस्थेत बरं वाटलं. प्रदर्शनाला हे पिंप मागितलं तेव्हा गारठाताई म्हणाली होती, "रिकामं पिंप देईन, धुकंबिकं मिळणार नाही." आज सकाळी मात्र तिने न सांगता धुक्यासकट पाठवलं होतं. वर "झाकण उघडू नये" अशी पाटीही चिकटवली होती, ती मी लगेच काढून टाकली. न उघडायचं पिंप बघायला कोण येणार?

"चला," वहिनी म्हणाल्या. पुलाकडे जाणाऱ्या लिफ्टशी आम्हाला रक्तवाल्या डॉक्टरांनी गाठलं.

"एक सांगायचं राहिलं," ते घाम पुसत म्हणाले. "उद्या तुम्हाला कळण्यापेक्षा आज मीच सांगतो. मी हे इस्पितळ सोडून चाललोय."

३

वळणरस्त्यापलीकडे आमच्या दुप्पट उंचीचं नवीन इस्पितळ उभं राहत होतं. तिथे डॉक्टरांना अख्खा मजला मिळणार होता.

"आणि इथला पहिलाच रोगी फसला, तर तिथला पहिला रोगी ही शहरातली पहिली बातमी ठरेल," मी फटकन बोलून गेलो.

डॉक्टर लाल झाले. "जनसंपर्क, तोंड सांभाळा. त्या माणसाला मी वर्षभर बघतोय." मग वहिनींकडे वळून म्हणाले, "बाई, ती पिशवी थंडीबाहेर किती वेळ टिकेल? चहा प्यायला लागतो तेवढाही नाही. ज्याने घेतली त्याने ती ठेवली कुठे, एवढं शोधा."

एक्स्प्रेस पुलावरच भेटला. सामानाची ने-आण करणारा हा गृहस्थ इतका सावकाश चालतो की ते नाव त्याला कुणीतरी रागाने दिलं आणि त्याने प्रेमाने घेतलं. पुढच्या महिन्यापासून पुलावर आपोआप चालणारी गाडी येणार होती आणि त्याला तळघरात पाठवणार होते. ते ऐकल्यापासून तो गाडीला नावं ठेवत होता.

वहिनींनी सांगितलं तसा तो मटकन खाली बसला. "मी पिंप सोडून हललो नाही हो. फक्त साहेबांनी फोटोसाठी थांबवलं तेव्हा बाजूला सरलो. ते म्हणाले, तू मध्ये येऊ नको." मग एकदम डोळे मोठे करून म्हणाला, "म्हणजे वितळली असेल का हो? गेली का पिशवी?"

"तुम्हाला ही नोकरी जायची भीती आहे ना?" वहिनींनी विचारलं.

"आहे ना. पण यंत्राला खोटं पाडायला मी मास्तरांच्या जिवावर उठेन? माझ्या मुलीला त्यांनी गाडी शिकवली. फुकट."

मोठे साहेब त्यांच्या खोलीत येरझाऱ्या घालत होते. "होय, फोटो काढला. झाकणाला हातसुद्धा लावला नाही. बाई, ही इमारत उभी करण्यात माझे केस गेले. मी स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेईन? आधी सांगा, पेशी जगल्या असतील का?"

त्यांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. साहेबांना आजचा दिवस प्राणापेक्षा प्यारा. मग वहिनी वॉर्डात गेल्या. मास्तरांच्या काचेच्या खोलीबाहेर सिस्टर वैतागून उभ्या होत्या.

"पेशंट कसा आहे?"

"ठणठणीत. ताप म्हणाल तर एवढासासुद्धा नाही. पण लाड किती! सकाळपासून उशीचा अभ्रा बदलून बदलून माझे हात दुखले. म्हणे, ओला लागतो. आता थंड खोलीत ओला कशाने लागतो, सांगा."

मी हसलो. वहिनी हसल्या नाहीत. काचेतून त्या मास्तरांकडे बघत राहिल्या. मास्तरांनी पडल्या पडल्या मला हाताने क्लच दाबून दाखवला.

"त्यांना पिशवीचं सांगितलं का?" वहिनींनी विचारलं.

"नाही. थोडा उशीर आहे एवढंच सांगितलं. तर म्हणतात, 'उशीर नको, आजच उरका.'"

"असं म्हणतात?" वहिनी वळल्या. "भाऊजी, चला गोठणघरात. पाय उचला."

४

गोठणघर म्हणजे नव्या इमारतीतली सगळ्यांत आतली खोली. तिथल्या मोठ्या टाकीला दोन कुलपं आणि दोन किल्ल्या. एक गारठाताईकडे, एक साहेबांकडे. दोघं हजर असल्याशिवाय ती उघडत नाही. गारठाताई तिथली तंत्रज्ञ. नाव गारठा, पण बाई भारी मायाळू. मास्तरांच्या पेशी तिनेच वाढवलेल्या. सुट्टीच्या दिवशीसुद्धा त्यांना बघायला यायची आणि "आज माझी बाळं बरी दिसतायत" असं कँटीनभर सांगत सुटायची.

आम्ही गेलो तेव्हा ती रिकाम्या टेबलावरचं फडकं पुन्हा पुन्हा घडी करत होती.

"कळलं मला," ती म्हणाली. "साहेबांचा फोन आला होता. पेटी मी पिंपात ठेवली, खिट्टी लावली, एक्स्प्रेसच्या ताब्यात दिलं. त्याच्यापुढचं मला माहीत नाही."

"ही पिंपं थंड कशी राहतात गं?" वहिनींनी साळसूदपणे विचारलं. त्यांना ते पक्कं माहीत होतं.

"भिंतींना रात्रभर द्रव नायट्रोजन पाजावा लागतो. नळ इथे आहे तेवढाच. एकदा मुरलं की चांगलं टिकतं, झाकण बंद असेल तर. दर वेळी उघडलं की थोडी थंडी उडून जाते." ती थांबली. "बाई, मास्तर कसे आहेत? त्यांना आज कुणी नीट तपासलं का?"

"ठणठणीत आहेत म्हणे. ताप नाही."

गारठाताईचा चेहरा पडला. चांगली बातमी ऐकून चेहरा पडलेला माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

"पण कुणी हात लावून बघितलं का?" ती म्हणाली. "नुसतं विचारून काय कळतं?"

"तू मास्तरांना भेटली होतीस?"

"परवा. अंगभर झगा घालून, रीतसर. त्यांनी मला गाडी शिकवलीय." एवढं बोलून तिने ओठ असे मिटले की पुढे पहारीनेही उघडले नसते.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "वहिनी, ही तर बिचारी हादरलीय. माझा संशय अजून डॉक्टरांवर आहे."

वहिनी चालता चालता थबकल्या. त्यांचे डोळे चमकत होते. मला ती चमक माहीत होती. फुलदाणीच्या वेळीही तशीच होती.

"भाऊजी, चोर सापडला. पण चोराने जे लपवलंय ते पिशवीपेक्षा मोठं आहे. पळा वॉर्डात!"

५

वहिनी धावताना मी प्रथमच पाहिल्या. धावता धावता बोलतही होत्या.

"ज्याला मास्तरांचं वाईट करायचं, तो पिशवी चोरेल कशाला? पिंपाचं झाकण थोडा वेळ उघडं ठेवलं की काम फत्ते. पेशी मरतील, पिशवी तशीच दिसेल, कुणाला पत्ता लागणार नाही. या चोराने मात्र रिकामी पेटी ठेवली. म्हणजे पिशवी नाही हे वेळेवर कळावं, अशीच त्याची इच्छा होती."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याला पेशी मारायच्या नाहीत. आज द्यायच्या नाहीत! फक्त आज. मग आज असं काय आहे? घाम. थंड खोलीत, ताप नसलेल्या माणसाचा अभ्रा भिजतो कसा?"

माझ्या डोक्यात अजून उजेड पडला नव्हता.

"ताप उतरतो तेव्हा घाम फुटतो, भाऊजी. गोळी घेऊन उतरवला तरी फुटतो. सिस्टर मोजतात तेव्हा उतरलेला असतो, एवढंच."

काचेच्या खोलीत शिरायला झगा, टोपी, मुखपट्टी आणि अर्थातच साबण. वहिनींनी तिथेही एक पायरी गाळली नाही. मी बाहेरून आतल्या फोनचा स्पीकर कानाला लावला. वहिनींनी मास्तरांच्या कपाळावर हात ठेवला, मग त्यांचा हात हातात घेतला.

"मास्तर, गोळ्या कुठे आहेत?"

"कसल्या गोळ्या डॉक्टरबाई?"

"मास्तर, तुम्ही शिकवताना आरशात बघायला सांगता ना? मी बघितलंय."

मास्तरांनी उशीखालून गोळ्यांची अर्धी रिकामी पट्टी काढून वहिनींच्या हातात ठेवली.

"परवापासून हुडहुडी भरतेय," ते म्हणाले. आवाजातली मस्करी गेली होती. "ताप असला की पेशी देत नाहीत, हे सहीच्या वेळी सांगितलं होतं मला. ही खोली एकच तयार आहे, मागे दुसरा पेशंट थांबलाय. माझा नंबर गेला तर परत कधी येणार? माझा आजार काही रांगेत उभा राहणार नाही. मला भीती वाटली हो. मी दुसऱ्यांना घाबरू नका म्हणून सांगत पोट भरतो, पण मला फार भीती वाटली."

"गोळ्या कुणी दिल्या?"

"त्या पोरीला काही करू नका. तिला मी म्हटलं डोकं दुखतंय. काल संध्याकाळी फोनवर बोलताना माझ्याच तोंडून खरं निघून गेलं. ती म्हणाली, सांगून टाका, या तापात पेशी दिल्या तर तुम्ही वाचणार नाही. मी तिला शपथ घातली. कुणाला बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील, असं म्हणालो."

वहिनींनी दार उघडून सिस्टरना हाक मारली. त्यानंतर तिथे जे सुरू झालं ते मला पूर्ण कळलं नाही. रक्ताच्या बाटल्या, सलाईन, रक्तवाल्या डॉक्टरांची धावपळ. एवढं कळलं की ताप लपून बसला होता आणि राखण नसलेल्या त्या घरात खराखुरा चोर शिरला होता. त्याच्यावर आता औषध सुरू झालं होतं. आणखी एक दिवस गेला असता तर, असं डॉक्टर म्हणाले आणि वाक्य अर्धवट सोडलं.

वहिनी बाहेर आल्या. "आता पिशवी. गारठाताईने ती कुठे ठेवली असेल?"

"गारठाताईने?" मी किंचाळलो. "तिने कशावरून? गोळ्या दिल्या म्हणून?"

"त्याआधीच कळलं होतं. बाकी सगळ्यांनी काय विचारलं? किती टिकेल, वितळली का, जगल्या का. आणि जिने त्या पेशींना बाळं म्हणून वाढवलं, तिने त्यांच्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. कारण तिला माहीत होतं त्या सुखरूप आहेत. मोठी टाकी तिला एकटीला उघडता येत नाही. म्हणून तिने रात्रभर नळ लावून दुसरं पिंप थंड केलं. ते कुठे आहे, एवढं..."

मी वहिनींची बाहीच धरली.

"वहिनी," मी म्हणालो, "ते पिंप प्रदर्शनात आहे. मीच पाहुण्यांना सांगतोय, या, झाकण उघडा, धुकं बघा!"

६

त्या पुलावरून मी जसा धावलो तसा शाळेतल्या शर्यतीतही धावलो नव्हतो. दिवाणखाना आता पाहुण्यांनी फुलला होता. पिंपाभोवती चक्क रांग लागली होती. एक गृहस्थ झाकण हातात धरून बायकोला म्हणत होते, "अगं नीट वाकून बघ, मी धरतो."

"बंद करा!" मी ओरडलो. "झाकण! बंद करा!"

सगळा दिवाणखाना माझ्याकडे वळला. त्या गृहस्थांनी दचकून झाकण खाली टाकलं, ते सुदैवाने पिंपावरच पडलं. मी जाऊन पिंपाला मिठी मारली. जनसंपर्क अधिकाऱ्याचं हे रूप पाहून पुढच्या रांगेतल्या एक आजी टाळ्या वाजवू लागल्या. त्यांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला.

वहिनी आल्या, त्यांच्यामागे गारठाताई, हातात तापमापकाची लांब तार घेऊन. ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. फक्त पाटी जिथे चिकटवली होती त्या जागेकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी तेव्हा पिंपात शिरलो असतो तर बरं झालं असतं.

तिने झाकण बोटभर उचलून तार आत सोडली. आकडा हळूहळू उतरत होता. गारठाताईचे ओठ हलत होते. मी डोळे मिटून घेतले.

"आहे," ती म्हणाली. "काठावर आहे, पण आहे. तळाला होती म्हणून वाचली." आणि तिथेच, सगळ्या पाहुण्यांसमोर, ती पिंपाला टेकून रडू लागली.

मोठे साहेब गर्दी बाजूला करत आले. पिंप गोठणघरात नेलं, त्यांनी आणि गारठाताईने आपापल्या किल्ल्या लावल्या आणि पिशवी मोठ्या टाकीत गेली. कुलूप लागल्यावर साहेबांचा राग उफाळून आला.

"चोरी! माझ्या इमारतीत, आजच्या दिवशी! ही उद्यापासून इथे दिसता कामा नये!"

"साहेब," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "पेशंटला बाहेरच्या गोळ्या देणं ही हिची चूक आहे. मोठी आहे. नंतर तोंड उघडलं नाही ही त्याहून मोठी. काल बोलली असती तर औषध काल सुरू झालं असतं. त्याची शिक्षा तिला व्हायलाच हवी. पण आज तिने पिशवी पळवली नसती तर पुढे काय झालं असतं?"

साहेबांनी वळून मोठ्या टाकीकडे पाहिलं.

"तुम्ही पाहुण्यांसमोर पेशी दिल्या असत्या. फोटो निघाले असते. आणि मास्तर..."

"पुरे," साहेब म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. "पण माणूस आपल्यापासून ताप का लपवतो? आपण कुणाला तसं म्हणालो होतो का, की नंबर गेला तर गेला?"

"म्हणालो नाही," गारठाताई नाक पुसत म्हणाली. "पण नंबर परत मिळेल, हेही कुणी म्हणालं नाही."

ते ऐकून साहेब उठले आणि माझ्या खिशातली कात्री काढून घेऊन त्यांनी स्वतःच्या खिशात टाकली.

"जनसंपर्क, पाहुण्यांना चहा पाजा आणि घरी पाठवा. फीत नंतर कापू. मी वॉर्डात जातो. त्या माणसाला मीच सांगायला हवं की खोली त्याची आहे."

७

गारठाताईची किल्ली काढून घेतली गेली आणि तिला काही महिने कामावरून दूर ठेवलं. तिने तक्रार केली नाही. एक्स्प्रेस मात्र सगळ्यांना सांगत सुटला की आपोआप चालणाऱ्या गाडीवर कुणाला संशयसुद्धा घेता येत नाही, मग तिचा उपयोग काय? डॉक्टरांनी पलीकडच्या इस्पितळाला कळवलं की मास्तरांचं आटोपल्याशिवाय येणार नाही. मागे थांबलेल्या पेशंटसाठी शेजारची खोली घाईघाईने तयार झाली. संसर्ग उतरला. मग एके सकाळी, फोटोवाल्यांशिवाय आणि पाहुण्यांशिवाय, पिशवीतल्या पेशी मास्तरांच्या अंगात गेल्या.

त्यानंतर सुरू झालं वाट पाहणं. मला तोवर ठाऊक नव्हतं, वहिनींनी सांगितलं. पेशी कामाला लागल्या, कर्करोगाशी भिडल्या, की माणसाला ताप येतो. त्या तापावर डॉक्टर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतात, पण मनातून त्याचीच वाट बघत असतात. मास्तरांना तो येईना. एक दिवस गेला, आणखी एक गेला. मास्तर क्लच दाबून दाखवायचेही थांबले. गारठाताई रोज मला फोन करायची, आणि मी रोज "अजून नाही" म्हणायचो.

त्या दिवशी दुपारी मी काचेबाहेर उभा होतो. आतली घंटा वाजू लागली. नुसती वाजली नाही, कुणीतरी बटणावर अंगठा दाबूनच धरला होता. सिस्टर धावल्या. मास्तर पलंगावर उठून बसले होते, चेहरा लालबुंद, दात कडाकडा वाजत होते. त्यांनी स्वतःच काखेत थर्मामीटर घातलं होतं आणि ते लढाई जिंकल्यासारखं वर धरलं होतं.

रक्तवाले डॉक्टर आत शिरले, त्यांनी आकडा पाहिला आणि मुखपट्टीच्या वरसुद्धा दिसेल एवढं हसले. माझ्या शेजारी वहिनी उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

मास्तरांनी फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून पलीकडचा गारठाताईचा घाबरलेला आवाज आम्हालाही ऐकू आला.

"काय झालं मास्तर?"

"पोरी," मास्तर कुडकुडत ओरडले, "माझी शपथ सुटली! आता सगळ्यांना सांगत सुट, मला ताप आलाय!"